यॉर्क पायी पाहायचं असेल तर सव्वादहाला एक्झिबिशन स्क्वेअरला पोहोचा

यॉर्कला एका दिवसासाठी, एकट्यानं आणि पायी जाणाऱ्याला मी एकच गोष्ट आधी सांगेन. कुठलंही तिकीट काढण्याआधी सकाळी सव्वादहाला आर्ट गॅलरीसमोरच्या एक्झिबिशन स्क्वेअरमध्ये जाऊन उभं राहा. शहरातल्या स्वयंसेवी मार्गदर्शकांची एक संस्था तिथून वर्षभर रोज फेरी काढते. संस्थेचं नाव लांबलचक आहे, ‘असोसिएशन ऑफ व्हॉलंटरी गाइड्स टू द सिटी ऑफ यॉर्क’. १९५१ पासून हे काम चालू आहे. फेरी साधारण दोन तासांची, एकट्या माणसाला आधी नाव नोंदवायला लागत नाही आणि पैसे अजिबात पडत नाहीत. शेवटी टोपी फिरवणं नाही, बक्षिसी तर ते घेतच नाहीत. गाइड घेऊन मी बऱ्याच जागा पाहिल्या आहेत. त्यांत ही सेवा मला सगळ्यात सरस वाटली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी साताऱ्याची. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणात अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. सुट्टीच्या दिवशी आमचा गट अजिंक्यताऱ्यावर आणि आसपासच्या गडांवर काम करतो. टाक्यांतला गाळ काढायचा, तटाच्या सांध्यांत रुजलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढायची, पडके दगड एका बाजूला नीट रचायचे. त्यामुळे कुठंही गेलं तरी माझी नजर आधी भिंतीकडे जाते. लेक लीड्सला असते, एप्रिलात तिच्याकडे होते. लीड्सहून यॉर्क रेल्वेनं पंचवीसेक मिनिटांवर. तिला रजा नव्हती. ‘आई, एकटीला जमेल ना गं?’ तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, ‘अगं, सगळं गाव चालत हिंडण्याएवढं आहे, आणि भाषा येते. न जमायला काय झालं?’

स्टेशनच बघण्यासारखं आहे. १८७७ चं, लोखंडी कमानींवर पेललेलं वळणदार छप्पर. बाहेर पडलं की समोर हिरव्या बांधावर पांढुरकी तटबंदी दिसते. एप्रिल असल्यानं बांध पिवळ्या डॅफोडिल्सनी भरलेला होता. मी तिथंच थांबणार होते, पण वेळ गाठायची होती. लेंडल पुलावरून ऊझ नदी ओलांडून सरळ गेलं की दहा-बारा मिनिटांत चौक येतो. पूल १८६३ चा, लोखंडी. त्याच्या आधीचा पूल बांधकाम चालू असतानाच १८६१ मध्ये कोसळला आणि पाच माणसं गेली. हे मी आधी वाचलेलं होतं, त्यामुळे पुलावरून जाताना आपोआप पाऊल थोडं हळू पडलं.

चौकात कारंजं आहे आणि एका चित्रकाराचा पुतळा, विल्यम एट्टी यांचा. समोर बूथम बार हा शहराचा वेशीचा दरवाजा आणि त्याच्यामागे मिन्स्टरचे, म्हणजे इथल्या कॅथेड्रलचे मनोरे. वीसेक माणसं जमली होती. आमच्या गाइड सत्तरीच्या आसपासच्या बाई होत्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या. आवाज न चढवता शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची सवय त्यांना असणारच. त्यांनी सुरुवात रोमनांपासून केली नाही. पुतळ्याकडे हात करून म्हणाल्या, हा माणूस नसता तर आज तुम्हाला दाखवायला माझ्याकडे फार काही उरलं नसतं.

गोष्ट अशी. १८०० मध्ये यॉर्कच्या नगरपालिकेनं तटबंदी पाडायची परवानगी मागितली. देखभालीचा खर्च परवडत नव्हता, अरुंद दरवाजांत गाड्या अडकत होत्या. विरोध झाला, प्रकरण लांबलं. पण तुकड्यातुकड्यानं पाडापाडी चालूच राहिली. तीन मुख्य दरवाजांपुढच्या जिभ्या, म्हणजे दरवाजाच्या रक्षणासाठी बाहेर काढलेल्या भिंती, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेल्या. एट्टी हे इथल्याच एका बेकरी-चालकाचे चिरंजीव. लंडनला नाव कमावलेले चित्रकार. त्यांनी पत्रं लिहिली, लोकांना गोळा केलं, पुन्हापुन्हा सांगितलं की ही भिंत गेली तर परत येणार नाही. भिंत राहिली.

मला ऐकताना मुंबई आठवत होती. फोर्टचा तट १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात उतरवला गेला. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला त्याचा एक तुकडा तेवढा शिल्लक आहे. फोर्टला रोज कामाला जाणाऱ्या किती जणांना तो माहीत असेल, सांगता येत नाही. कारणंही तीच, जागा हवी आणि रहदारी वाढलेली. एका गावाचा तट वाचला, एकाचा गेला. यात मधे उभा राहणारा माणूस असणं-नसणं केवढं महत्त्वाचं, हे त्या पुतळ्याखाली उभं राहून फार जाणवलं.

तिथून आम्ही म्युझियम गार्डन्समध्ये शिरलो. फेरीतला सगळ्यात कसदार भाग माझ्या मते हाच. बागेच्या कडेला एक बुरूज आहे, मल्टँग्युलर टॉवर. इसवी सन ७१ मध्ये रोमनांच्या नवव्या सैन्यानं इथं छावणीचा किल्ला बांधला, नाव एबोराकम. त्या किल्ल्याच्या पश्चिम कोपऱ्यावरचा, नंतरच्या काळात उभारलेला हा दहा बाजूंचा बुरूज. गाइड बाईंनी आम्हाला त्याच्यासमोर आणून उभं केलं आणि म्हणाल्या, मी काही सांगायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा, आणि काय दिसतंय ते मला सांगा.

खालच्या अर्ध्या भागात लहान, जवळजवळ एकसारख्या मापाचे चौकोनी दगड, ओळीत नीट बसवलेले. त्यांच्या मधून लाल पातळ विटांचा आडवा पट्टा गेलेला. वरच्या अर्ध्या भागात दगड एकदम मोठे, थर वेगळे, आणि क्रुसाच्या आकाराच्या जंग्या, म्हणजे बाण मारायच्या फटी. एका भिंतीत दोन भिंती. खालची रोमन, वरची तेराव्या शतकातली. रोमन गवंड्यानं विटांचा पट्टा शोभेसाठी घातलेला नाही. आत भराव आणि बाहेरून घडीव दगड अशी भिंत फुगून सुटू नये म्हणून ठरावीक उंचीवर असे सपाट थर घालून ती बांधून घ्यायची ही पद्धत. मी ते बोलून दाखवल्यावर बाईंनी मला पुढं बोलावलं आणि बाकीच्यांना पुन्हा सांगायला लावलं. एक जर्मन गृहस्थ आणि दोन शाळकरी मुलं लगेच भिंतीला नाक लावून थर मोजायला लागली.

त्याच्या पाठीमागं गेलं की बुरुजाचा आतला भाग दिसतो. तिथं रोमन दगडी शवपेट्या ठेवल्या आहेत. थोडं पुढं तटाच्या मातीच्या बांधाचा एक काप मुद्दाम उघडा ठेवलाय. रोमनांच्या वेळी जमीन किती खाली होती, व्हायकिंगांच्या काळात किती भर पडली, नॉर्मन आले तेव्हा बांध किती उंच केला, आणि त्याच्या माथ्यावर आजची दगडी भिंत कशी उभी राहिली, हे पायऱ्यापायऱ्यांनी दिसतं. स्टेशनबाहेरचा तो हिरवा बांध काय होता, हे इथं उलगडलं. फुलांच्या खाली हजार-बाराशे वर्षांची भर आहे, आणि शहराच्या या बाजूला त्या भरीच्या पोटात जुनी रोमन भिंत तशीच उभी आहे. आपल्याकडच्या कितीतरी गढ्यांच्या पांढऱ्या मातीत असंच काही दडलेलं असतं. पण असा एक काप नीट खणून, आधार देऊन, शेजारी साधा फलक लावून ठेवलेला मी तरी आपल्याकडे पाहिलेला नाही. हे व्हायला हवं.

बागेतच सेंट मेरीज अ‍ॅबी या मठाचे अवशेष आहेत. १०८८ मध्ये स्थापना, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीनं मठ बंद केला, मग दगड ज्याला लागले त्यानं नेले. उरलेल्या कमानींतून पलीकडे सेंट ओलाव्ह चर्चच्या आवारात एट्टींची कबर दिसते. गाइडनं तिथं काही भाष्य केलं नाही, फक्त दाखवली आणि पुढं चालू लागल्या.

बूथम बारपाशी जिना चढून तटावर आलो. इथून मंक बार या पुढच्या वेशीपर्यंतचा फांजीवरचा, म्हणजे तटाच्या माथ्यावरचा रस्ता सगळ्या यॉर्कमधला उत्तम. रोमन किल्ल्याच्या दोन बाजू आणि मधला काटकोनी कोपरा याच रेषेवर आहे. म्हणजे पायाखाली मध्ययुगीन तट, त्याच्याखाली बांध, बांधाच्या पोटात रोमन भिंत. बाहेरच्या अंगाला कोरडा खंदक, आतल्या अंगाला बागा आणि त्यांच्यामागे पूर्ण उंचीचा मिन्स्टर. इसवी सन ३०६ मध्ये याच किल्ल्यात कॉन्स्टँटाइनला सैन्यानं सम्राट म्हणून पुकारलं. त्याचे वडील इथंच वारले होते. त्याच्या आधी सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राटही २११ मध्ये इथंच गेला. बाई हे सगळं एकेका जागेला जोडून सांगत होत्या. सनावळ्या म्हणून काही वेगळं आलंच नाही. जिथं उभे होतो तिथं जे घडलं तेवढंच.

मंक बार चार मजली आहे, चारही मोठ्या दरवाजांत उंच. वर माथ्यावर दगड उगारून उभे असलेले पुतळे, आत सरकत्या जाळीदार दरवाजाची खाच आणि जाळी. तिथून खाली उतरून गुडरमगेट रस्त्यावर आलो. लेडी रो नावाची १३१६ सालची घरं अजून वापरात आहेत, खाली दुकानं चालू. त्यांच्या शेजारच्या एवढ्याशा फाटकातून आत गेलं की होली ट्रिनिटी हे लहान चर्च. फरशी उंचसखल, बसायला लाकडी कप्पे, पंधराव्या शतकातली रंगीत काच. बाहेरच्या गर्दीतल्या बहुतेकांना ते फाटक दिसतच नव्हतं. एकट्यानं फिरताना तुम्हीही ते ओलांडून जाल, हे नक्की.

फेरी शॅम्बल्सपाशी संपली. खाटकांची ही गल्ली, दोन्हीकडून घरांचे वरचे मजले पुढं झुकलेले, खिडक्यांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून तसेच. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या देशभरच्या जमीन-पाहणीत हिची नोंद आहे. आता एकही खाटीक नाही, आठवणवस्तूंची दुकानं आहेत आणि फोटोंसाठी रेटारेटी. गल्ली खरी आहे, जतनही चांगलं केलंय. पण दुपारी बारानंतर तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. मात्र मार्गारेट क्लिदरो यांच्या स्मरणार्थ तिथं एक छोटंसं प्रार्थनास्थळ आहे, तिथं जरूर थांबा. या खाटकाच्या बायकोनं कॅथलिक धर्मगुरूंना घरात आसरा दिला. १५८६ मध्ये तिला दगडांच्या भाराखाली चिरडून मारलं. आत चार-दोन बाकडी आहेत. बाहेरच्या गोंगाटात मधेच तेवढी एक शांत जागा.

आता बक्षिसीचं. लंडनला मी अशाच एका ‘फुकट’ फेरीला गेले होते. तिथला गाइड शेवटी आम्हाला किती देणं योग्य ठरेल हेच समजावत बसला होता, आणि माणसं नजर चुकवत पांगत होती. इथं त्या जर्मन गृहस्थांनी निरोप घेताना एक नोट पुढं केली. बाईंनी ती त्यांच्याच तळहातावर ठेवली, त्यांची बोटं मिटवली आणि म्हणाल्या, मिन्स्टरची एक खिडकी तुमची पाहायची राहिलीये, तिकडं जा. एवढं साधं. पैशाचा विषय मधे नसल्यानं दोन तासांत एकदाही कुठल्या दुकानाची जाहिरात झाली नाही, भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या गेल्या नाहीत, आणि कोणी प्रश्न विचारला तर घड्याळाकडे बघून तो उडवला गेला नाही. आपल्या गावाविषयीची आस्था हेच त्यामागचं एकमेव कारण. ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

दोन गोष्टी जाण्याआधी माहीत असाव्यात. फेरी कुठल्याही तिकिटाच्या इमारतीत आत जात नाही, मिन्स्टरही बाहेरूनच. आणि दोन तास पायांवरच असता. गुडघ्याचा त्रास असेल तर तटावरचे जिने चढे आहेत, हे लक्षात घ्या. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडाही नाही. लहान मुलांचा हात धरावा.

लेकीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. म्युझियम गार्डन्समधल्या बाकावर ती खाल्ली आणि उरलेला तट एकटीनं चालायचं ठरवलं. पूर्ण फेरा सुमारे ३.४ किलोमीटरचा आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याच गावाला एवढी लांब मध्ययुगीन तटबंदी उरलेली नाही. सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत उघडी, तिकीट नाही. सकाळच्या दोन तासांची खरी किंमत इथं कळली. बाई बरोबर नव्हत्या, पण भिंतीकडे कसं बघायचं ते त्यांनी शिकवून ठेवलं होतं. आता प्रत्येक ठिकाणी दगडाचं माप, थराची उंची, दुरुस्तीचा सांधा आपोआप दिसत होता.

लेयरथॉर्पनंतर भिंत अचानक संपते. पडलेली नाही, तिथं ती कधीच नव्हती. विल्यम द कॉन्कररनं फॉस नदीवर बांध घातला, पाणी मागं तुंबलं, मोठं तळं आणि दलदल झाली. तेच या बाजूचं संरक्षण. पुढं त्यात राजाचे मासे पाळले जायचे. पाणी अडवून शत्रू अडवायचा ही कल्पना मला भिंतीपेक्षाही आवडली. ज्यानं ती जागा निवडली त्याला उताराची चांगली समज असणार. दलदलीच्या पलीकडे रेड टॉवर हा विटांचा बुरूज लागतो, १४९० च्या सुमाराचा, आणि तिथून तट पुन्हा सुरू.

मग वॉल्मगेट बार. फेरीत हा येत नाही, आणि यासाठी वेगळं चालत जायलाच हवं. पुढची जिभी शाबूत असलेला गावाचा दरवाजा सगळ्या इंग्लंडमध्ये हा एकच उरलाय. मुख्य दरवाजापुढं दोन भिंती बाहेर काढून मधे अरुंद बोळ केलेला, शत्रू आत शिरला की वरून आणि दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडणार. आपल्या गडांवर रणमंडळ असतं त्याचंच हे भावंड. आत गेल्यावर मी थबकलेच. जुने ओक लाकडाचे दरवाजे अजून जागेवर आहेत, आणि एका फळीत एका माणसापुरता दिंडी दरवाजा. मी वाकून त्याची चौकट बघितली. आपल्या गडांवरच्यासारखीच उंची, मान खाली घातल्याशिवाय आत जाता येऊ नये अशी. १६४४ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेनं इथं तोफा डागल्या, खालून सुरुंगही खणला. तोफगोळ्यांच्या खुणा दगडावर दिसतात. शिवाजी महाराज तेव्हा चौदा वर्षांचे होते. जुलैत शहर शरण आलं, पण पार्लमेंटचे सेनापती फेअरफॅक्स यांनी मिन्स्टरच्या रंगीत काचांना हात लावू दिला नाही. ते यॉर्कशायरचेच होते.

नदी ओलांडून मिकलगेट बारकडे गेलं की राजघराण्याचा हा प्रवेशदरवाजा. १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं इथं टांगलं होतं. त्याच्यापुढं तटाला कमानी पाडून रेल्वे आत घेतलेली दिसते, जुनं स्टेशन तटाच्या आतच होतं. तटाखाली स्टेशनजवळ गवतात काही जुने दगड आहेत, ते १८३२ च्या पटकीच्या साथीतल्या माणसांचं दफनस्थान. उतरून मी नॉर्थ स्ट्रीटला गेले, कारण पाणीपुरवठ्यात काम केलेल्या माणसाला ती जागा चुकवून चालणार नाही. डॉ. जॉन स्नो यांचा जन्म १८१३ मध्ये याच रस्त्यावरचा. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे त्यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवतीच्या मृत्यूंवरून दाखवून दिलं. इथं बागेजवळ दांडा काढलेला एक पंप स्मारक म्हणून उभा केलाय. आम्ही गावोगाव टाक्यांत क्लोरीन तपासत फिरलो, त्याची सुरुवात या माणसापाशी जाते. मी हात जोडले.

मिन्स्टरचं तिकीट स्वस्त नाही, तरी काढाच. पूर्वेकडची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन या कॉव्हेंट्रीच्या कारागिरानं १४०५ ते १४०८ मध्ये केली. करार तीन वर्षांचा, मिळालेले पैसे सगळे धरून ५६ पौंड. त्यातले १० काम पुरं झाल्यावरचे. मुदतीत काम झालं, आणि वर टोकाला त्यानं साल घालून ठेवलंय. दुरुस्तीसाठी उतरवलेल्या काचांतली शेवटची २०१८ मध्ये परत बसवली. पण मला थांबवलं ते तळघरानं. १९६० च्या दशकात मधला मनोरा खचत असल्याचं लक्षात आलं, वजन सुमारे १६,००० टन. १९६७ ते १९७२ मध्ये पाया उघडून जुन्या दगडी पायाभोवती काँक्रीटचे पट्टे ओतले आणि पोलादी सळया ताणून ते आवळले. खणताना खाली रोमन मुख्यालयाच्या भिंती सापडल्या. काँक्रीट, त्यातून बाहेर आलेली सळयांची टोकं आणि रोमन भिंत, तिन्ही एका नजरेत दिसतात. काही लपवलेलं नाही. हे काम सर बर्नार्ड फील्डन यांच्या देखरेखीखाली झालं. पुढं इन्टॅक या आपल्याकडच्या वारसा-जतन संस्थेसाठी संवर्धनाची मार्गदर्शिका लिहिणारे तेच. आमच्या गटात तिच्या झेरॉक्स प्रती फिरल्या आहेत. त्यांचं काम असं हाताच्या अंतरावर पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मिन्स्टरचे स्वतःचे पाथरवट आहेत, नोकरीवर ठेवलेले, शिकाऊ मुलांसह. दगड झिजत राहणार आणि तो बदलत राहावा लागणार, हे गृहीत धरून केलेली व्यवस्था.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. सेंट हेलेन्स स्क्वेअरमधल्या बेटीजमध्ये चहाला मोठी रांग असते. बाजूच्या दुकानातून ‘फॅट रास्कल’ हा सुक्या मेव्याचा गोलमटोल केक बांधून घेतला, तो मात्र झकास. एका गल्लीतल्या कॅफेत शाकाहारी म्हणून आणलेल्या सूपमध्ये चिकनचं पाणी निघालं. विचारल्याशिवाय खाऊ नका, आणि ‘स्टॉक कशाचा?’ असंच थेट विचारा.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मिन्स्टरमध्ये समूहगायनासह प्रार्थना असते, तिला तिकीट नाही आणि कोणीही बसू शकतं. गायकांच्या अगदी जवळच्या लाकडी आसनांवर बसवतात. दिवसभर चालून आलेल्या माणसाला यापेक्षा चांगला पाऊण तास मिळणार नाही. फोन बंद ठेवा आणि फोटो काढू नका.

तुमच्याकडे अर्धाच दिवस असेल तर फेरी, मग थेट वॉल्मगेट, आणि परत स्टेशन. शॅम्बल्स फेरीत येतेच. दुपारीही फेरी असते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी एक, वेळा आधी पाहून घ्या. चामडी तळव्याचे बूट टाळा, तटावरचे दगड पावसात निसरडे होतात. बर्फ किंवा गोठलेलं दव असेल तर तट बंद ठेवतात. त्या दिवशी स्टेशनच्या मागचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय गाठा. तेही फुकट आहे, आणि जपानी बुलेट ट्रेनचा जुना डबा तिथं आत शिरून पाहता येतो.